हाडं असलेला आवाज

आमच्या शेजारच्या घराच्या पश्चिमेकडच्या खिडकीत रोज संध्याकाळी एक हात उगवतो.

सूर्य समुद्राला टेकायला आला, आत दिवा लागला की तो हात आधी राखाडी दिसतो, मग पांढरा, मग आतून पेटल्यासारखा. पाच बोटं आहेत, पण बोटं संपत नाहीत. आपल्या बोटात हाडांचे तीन तुकडे असतात. ह्या हाताच्या मधल्या बोटांत हाडापुढे हाड, हाडापुढे हाड अशी माळ लागलेली आहे, आणि टोकाला ती इतकी बारीक होते की कुठे थांबते ते कळत नाही. किनाऱ्यावरून परतणारे पर्यटक त्या खिडकीसमोर थबकतात. एकदा एका बाईंनी तो हात पाहून होमस्टेचं बुकिंगच रद्द केलं. देवबागेत त्या मोसमात एवढी मोठी बातमी दुसरी झाली नाही.

तो हात डॉल्फिनचा आहे. आमच्याकडे डॉल्फिनला गादो म्हणतात. खिडकी आहे फोटोकाकांची.

काकांचं खरं नाव यशवंत. ते सरकारी इस्पितळात एक्स-रे काढायचे. कुठल्या इस्पितळात ते मी लिहिणार नाही, कारण नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात त्यांनी मेलेल्या गाद्याचा छातीजवळचा पंख गोणपाटात गुंडाळून तिथे नेला आणि मशीनखाली ठेवला. फिल्मवर रुग्णाची माहिती लागते. काकांनी लिहिलं, नाव: गादो. गाव: देवबाग. वय: इचारूक जमला नाय. तीच फिल्म आता खिडकीच्या काचेला लावलेली असते.

गावात एक्स-रेला फोटोच म्हणतात, म्हणून ते फोटोकाका. काकी त्यांच्या निवृत्तीआधीच गेल्या, मूलबाळ नाही. अख्खी नोकरी काळोख्या खोलीत माणसांना "हलू नका, श्वास धरा" सांगण्यात गेली. एरवी घोटून मालवणी बोलणारे काका हे एवढं वाक्य सरकारी मराठीत बोलतात, आणि कुठेही बोलतात. एस्टीत कंडक्टर तिकीट फाडत असताना. लग्नात नवरा हार घालायला वाकलेला असताना. आरतीच्या आधी. "हलू नका. श्वास धरा." गंमत म्हणजे माणसं धरतात.

काकांचा सिद्धांत असा की समुद्र हातांनी भरलेला आहे. "देवान हात एकदाच केल्यान, नि मगे सगळ्यांका वाटल्यान," असं ते सांगतात, आणि भर बाजारात करून दाखवतात. कोपर अंगाला चिकटवायचं, मनगट तिरकं करायचं. "ह्यो बघ, गादो उजवीकडे वळलो. शेपूट म्हणजे इंजिन, हात म्हणजे सुकाणू." मग समोरच्याच्या दंडावर आपला हात हळूच घासायचा. "नि ह्यो दुसऱ्या गाद्याक भेटलो. बरो मां, म्हणान इचारता." ज्याचा दंड असतो तो तोवर पळायच्या बेतात असतो. खाडीच्या चिखलात निवटे नावाचे बोटभर मासे आपल्या पंखांवर कोपराने रांगल्यासारखे चालतात, ते दिसले की काका बाजारहाट विसरून बांधावर बसून राहतात. वागळी, तो पंख्यासारखा चपटा मासा, तर ते खातच नाहीत. "सगळो मासोच दोन हातांचो. पसरलेलो हात कसो खातलस?"

ह्या सिद्धांतावरून त्यांनी एकदा रापणीवर हक्क सांगितला. रापण म्हणजे किनाऱ्यावरून गावाने मिळून ओढायचं लांबच लांब जाळं. दोरीला ज्याने हात लावला त्याला माशांचा वाटा, हा तिचा कायदा. काका फिल्म घेऊन वाळूत उभे राहिले आणि म्हणाले, गादे मासळी जाळ्याकडे हाकलतात, त्यांना हात आहेत याचा हा पुरावा, त्यांचा वाटा काढा.

रापणीचे म्होरके बाबनदादा. त्यांनी फिल्म उलटीसुलटी करून पाहिली. "हात आसा ता खरा. पण दोरीक लावलेलो खंय दिसता?"

"तुझो झील तरी खंय लावता? तो मोबायलाक हात लावता. तेका वाटो कसो गावता?"

झील, म्हणजे दादांचा मुलगा, तेव्हाही मोबाईलमध्येच होता. किनारा हसला. बाबनदादाही हसले, आणि त्या दिवसापासून गाद्यांचा वाटा म्हणून रापणीतले मूठभर पेडवे मासे समुद्रात परत जायला लागले. माझ्या मते ह्या किनाऱ्यावर अलीकडे झालेली ही एकमेव न्याय्य वाटणी. मी गावात पत्रकं छापून वाटणारी; गाद्यांच्या मागे मोटारबोटी पिटाळणाऱ्यांविरुद्धही एक काढलं होतं. काकांनी ते उन्हासमोर धरून बराच वेळ पाहिलं. "मांस बरा आसा," म्हणाले. "हाडां नाय."

यंदाच्या थंडीत तो आवाज यायला लागला.

सकाळी खाडीच्या तोंडावर दाट धुकं असायचं. वारा नाही. लाट असून नसल्यासारखी. आणि त्या पांढऱ्या शांततेत दूरवरून, थप्प. मग बराच वेळ काही नाही. आता थांबलं असं वाटावं, तोच पुन्हा थप्प. ओल्या कातडीवर कुणीतरी ओला तळवा मारावा तसा. होड्या वाळूवर पडून राहिल्या, कारण दोघातिघांनी धुक्यात पाहिलं होतं: पाण्यातून सरळ वर आलेला पांढरा हात, माणसापेक्षा कितीतरी उंच. त्याला कोपर नव्हतं. क्षणभर उभा राहिला, पडला, पाणी फुटलं, गेला.

गाव म्हणालं, देवचार. गावाचा राखणदार कोपला.

भुताला भिणं ही गुलामी आहे, असं मी छापून घरोघर वाटलेलं आहे. तरी एका सकाळी ती थप्प ऐकून चहा ओतताना माझा हात मध्येच थांबला, हेही इथे लिहायला हवं. खोटं मी छापत नाही.

मग गाऱ्हाणं घालायचं ठरलं. नारळ आणि कोंबडा घेऊन सगळं गाव किनाऱ्यावर उभं राहिलं. समोर फक्त धुकं. बाबनदादांनी हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! गावच्या राखणदारा! लेकराबाळांकडसून काय चूकभूल झाली आसात..."

"होय म्हाराजा!" आम्ही सगळे.

समुद्रातून, थप्प.

बाबनदादांचा आवाज जरा बारीक झाला. "...ती पदरात घी, नि आमच्यार किरपा कर..."

"होय म्हाराजा!"

थप्प.

पुढच्या वेळी होय म्हणायला कुणाचंच तोंड उघडलं नाही. थप्प मात्र झाली. बगलेतला कोंबडासुद्धा हलत नव्हता.

फोटोकाका एकटेच गुडघाभर पाण्यात गेले होते. मान तिरकी करून ते ऐकत होते, डॉक्टर छाती ऐकतात तसे. "देवचाराक हाडां नसतत," ते म्हणाले. "ह्या आवाजाक हाडां आसत."

"यशवंता, तोंड आवर! देव आयकता!"

"आयकता म्हणानच सांगतंय. देवमासो हात आपटता हा. ता लांबवर आयकाक जाता. कोणतरी कोणाकतरी हाक मारता."

"कोणाक?" बाबनदादांनी विचारलं.

काका आणखी एक पाऊल आत गेले. ते खाली वाकले आणि तळव्याने पाण्यावर एक थाप मारली. धुकं गप्प झालं. इतकं गप्प की लोक एकमेकांचे दंड धरून मागे सरकले. नारळ फोडायचा राहूनच गेला.

बाबनदादांच्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या सकाळी वाळूत पडलेलं होतं.

होडीएवढं पिल्लू. खाडीत वाट चुकलेलं, ओहोटीने मागे सोडलेलं. पाठ काळी, आणि दोन्ही अंगांना दोन लांबच लांब पंख, खालून पांढरे, कडेला गाठी गाठी असलेले. ते वाळूवर असे पसरले होते की पालथं पडून कुणी जमिनीला मिठी मारली आहे असं वाटावं. ते जिवंत होतं. डोक्यावरची दोन भोकं उघडायची आणि मिटायची, आणि मधे इतका वेळ जायचा की बघणाऱ्यांची छाती दुखून यायची. धुक्यातून आवाज चालूच होता. आता मात्र देवचाराचं नाव कुणी काढलं नाही.

वनखात्याला फोन गेला. माणसं निघाली, पण भरती त्यांच्याआधी पोचणार होती. ह्या भरतीला पिल्लू पाण्यात गेलं तर गेलं. त्यानंतरचं ऊन त्याला सोसणार नव्हतं. पर्यटकांच्या बोटी चालवणाऱ्या पोरांनी घाई केली. एका पंखाला दोर बांधला, दुसरं टोक बोटीला, आणि इंजिन सुरू केलं.

काका धावत आले आणि त्या दोरावर आडवे पडले.

"ओढू नकात! खांदो आसा थंय! खांदो निखळतलो!"

"काका, उठा हो! माशाक कसलो खांदो?"

"तुझो हात बांधून बोटीक लावतंय, मगे माका सांग कसलो ता! मेल्यांनू, तेका आवशीच्या अंगाक लागान पवूचा आसता. हातान आवस चाचपूची आसता. खांदो गेलो तर ता जिता रवान काय करतला?"

पोरं बाबनदादांकडे बघायला लागली. बाबनदादांनी आईपासून तुटलेल्या पिल्लाकडे पाहिलं, आडव्या पडलेल्या काकांकडे पाहिलं, आणि म्हणाले, "इंजिन बंद कर रे. रापणीचा जाळा घेवन येवा. जुना नको, नवा."

आम्ही पोटाखालची वाळू उकरली आणि जाळं घडी करून आत सरकवलं. बाया कळशा, बादल्या, जे मिळेल ते घेऊन पाणी ओतत होत्या. "नाकात नको!" काका ओरडत होते. "पंखांर ओता! अंगातलो ताप थंयसून भायर पडता!" आणि ते स्वतः एका पंखापाशी बसले, तो दोन्ही हातांत धरून. पिल्लाने पंख झटकला. काका धोतरासकट वाळूत उताणे. किनारा पुन्हा हसला, आणि त्या हसण्याने सगळ्यांच्या अंगातली भीती जरा सैल झाली. काका उठले, अंग न झाडताच त्यांनी पंख पुन्हा धरला. ह्या खेपेला तो हलला नाही. वाळूजवळचा एक लहानसा डोळा उघडला आणि काकांवर थांबला. मी तिथून बाजूला झाले. आपण दुसऱ्याच्या घरात डोकावतो आहोत असं वाटलं.

पाणी आलं. घोटा, गुडघा, कंबर. त्या हाताला भिऊन इतके दिवस घरात बसलेलं गाव आता जाळ्याची कड धरून उभं होतं. "हैसा!" बाबनदादा ओरडले. पिल्लू सरकलं. "हैसा!" पुन्हा सरकलं. मग एकाएकी जाळ्यातलं ओझं नाहीसं झालं, ते तरंगलं, आणि आम्ही जाळं खाली सोडून दिलं.

पिल्लू मात्र जाईना. काका पंख सोडत नव्हते.

"काका, सोडा हो!"

"यशवंता, सोड रे तेका! आवस बोलयता!"

छातीभर पाण्यातून मी त्यांच्यापर्यंत गेले. ते माझ्याकडे न बघता बोलायला लागले, हलक्या आवाजात, मला की पिल्लाला ते कळेना.

"तुझी काकी शेवटाक फोटो काढूक इली, तेव्हा भियाली हुती. टेबल थंडगार, खोलयेत काळोख. म्हणाक लागली, माजो हात धरा. सगळेच म्हणतत तसा. पोरां म्हणतत, म्हातारे म्हणतत." काकांनी पंखावरची पकड बदलली. "पण किरणां सुटताना आपण भिंतीआड जावचा लागता. बटान थंय आसता गो, भिंतीच्या पलीकडे. नोकरीभर मी कोणाचोच हात धरूक नाय. तिचोव नाय."

पिल्लाने श्वास सोडला. उष्ण, दुधामाशांच्या वासाचा फवारा आम्हा दोघांच्या तोंडावर आला. काकांची बोटं एकेक करून उघडली. पंख त्यांच्या तळव्यावरून निघाला. तो फार लांब होता; बराच वेळ सरकत राहिला. मग टोकही गेलं.

धुक्यात पांढरा हात वर आला. ह्या खेपेला सगळ्या गावाने एकदम पाहिला, आणि कुणी मागे सरलं नाही. तो उभा राहिला, पण आपटला नाही. हळूच आडवा झाला, पाण्याखालचं काहीतरी कवेत घ्यावं तसा वळला, आणि बुडाला. पुन्हा तो आवाज आम्ही ऐकला नाही.

माणसं काठावर जाऊन जाळं झाडायला लागली. कुणीतरी चहाचं बघ म्हणून ओरडलं. काका तिथेच उभे होते, हात पाण्याखाली, तळवा उघडा.

"काका, चला," मी म्हटलं. "थंडी बाधतली."

"वायच थांब गो," ते म्हणाले. "अजून ऊब आसा हाताक."