कर्णिककाकांचं रिकामं कपाट

आमच्या शेजारचे कर्णिककाका नेलपॉलिश रिमूव्हरची बाटली खिशात घेऊन फिरतात. नौपाड्यातल्या ज्या दुकानातून ते ती घेतात, तिथल्या मुलीने एकदा धीर करून विचारलं, "काका, काकूंसाठी का?"

"नाही," काका म्हणाले, "मगरीसाठी."

काका डोंबिवलीच्या एका रंगाच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होते. जन्मभर डबे नापास केले. निवृत्तीनंतर नापास करायला काही उरलं नाही म्हणून असेल, त्यांनी जीवाश्मांचा नाद धरला. म्हणजे दगड झालेले प्राणी. त्यातही काकांना फक्त सरपटणारे लागतात. एकटा जीव, दोन खोल्या, टीव्हीशेजारी काचेचं कपाट. कपाट मात्र रिकामं, कारण आजवर एकही नग पास झालेला नाही. लग्नाचंही तसंच झालं असावं, असं माझी आई म्हणते.

त्यांची सारथी मी. दर रविवारी माझ्या स्कूटरवर मागे बसून ते कल्याणची प्रदर्शनं नाहीतर शीळफाट्याची गोदामं पालथी घालतात. एकदा एका प्रदर्शनात समुद्री सरड्याचा जबडा होता, दात एकदम ओळीत. मी हरखलेच.

"अगं, माझेसुद्धा दात इतके सरळ नाहीत, आणि ते डॉक्टरने बसवलेत," काका म्हणाले. कापसावर रिमूव्हर घेऊन त्यांनी जबडा पुसला, तर कापूस तपकिरी. "दात खरे. जबडा म्हणजे वाळू, गोंद आणि वर रंगाचा हात. रिजेक्ट."

पलीकडच्या टेबलावर दोन सरडे होते, दोघांची शेपटी एकाच बाजूला वळलेली. "सख्खे भाऊसुद्धा इतके ठरवून मरत नाहीत. साच्यातले आहेत. रिजेक्ट." आईची पुरणपोळीही ते भिंगातून बघतात. ती पास होते, पण बहुधा भुकेपोटी.

मागच्या महिन्यात शीळफाट्याच्या म्हात्रेंचा फोन आला. शोभेच्या दगडांचे हे व्यापारी. काकांनी त्यांचा माल इतक्यांदा नाकारलाय की ते इरेला पेटले होते. "काका, या टायमाला नाय बोलून दाखवा."

गोदामात त्यांनी पुढे केलेल्या दगडात पालीएवढा प्राणी होता, डायनासोरच्याही आधीचा. शेपूट अर्धी, एका पायाची बोटं गायब. भावही काकांना झेपेल असाच. काकांनी भिंग लावलं: नकली मालात असतात तसे बुडबुडे नाहीत. कापूस घासला, तो पांढराच राहिला. उरली जिभेची परीक्षा. जुनं हाड सच्छिद्र असतं, ते जिभेला चिकटतं. प्लॅस्टिक काही चिकटत नाही. काकांनी बरगडीला जीभ लावली आणि ती अशी चिकटली की सोडवताना त्यांचे डोळे मोठे झाले. म्हात्रे लॉटरी लागल्यासारखे हसले.

काकांनी रुमालाने तोंड पुसलं. दगडाकडे बराच वेळ बघितलं. "रिजेक्ट," म्हणाले आणि चालू लागले.

परतताना मुंब्र्याला चहाला थांबलो. मला राहवेना. "काका, जीभ चिकटलेली मी बघितली."

"हो. अस्सल आहे तो."

"मग?"

काका बशीतल्या चहावर फुंकर घालत राहिले. "तो घरी आला की शोध संपला. मग रविवारी तू कशाला येशील? तुम्हा मुलांना शंभर कामं असतात."

मला एकदम भरून आलं, आणि रागही आला. "काका, मला त्या पालींतलं काय कळतं? मी काय त्यांच्यासाठी येत होते?"

मी चहा तसाच ठेवला आणि स्कूटर पुन्हा शीळफाट्याकडे वळवली. एरवी मला धक्का लागू नये म्हणून काका मागची कडी घट्ट धरून बसतात. त्या दिवशी गोदाम येईपर्यंत त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता.