साळिंदराचं राहून गेलेलं सुप्रभात

एका जंगलात, जिथे सागवानापेक्षा मोबाइलचे टॉवर उंच वाढले होते, वामनराव साळिंदर राहत होते.

मुलांनो, साळिंदर म्हणजे काय ते ठाऊक आहे ना? ज्याला कोणी मिठी मारत नाही, तो प्राणी. वामनरावांना एकच जण मिठी मारायची. कुठून हात घालायचा ते तिला सवयीने कळलं होतं. तिचं नाव सुमती. ती मागच्या चैत्रात गेली.

तिच्यामागे तीन गोष्टी राहिल्या. बिळाच्या तोंडाशी लावलेला गवती चहा. लग्न होऊन समुद्रापलीकडच्या जंगलात गेलेली मुलगी, इंदू. आणि एक जुना मोबाइल.

त्या मोबाइलमध्ये सुमतीबाईंनी स्वतःच्या आवाजात गजर लावून ठेवला होता. रोज सकाळी सहाला तो वाजायचा. "अहो, गोळी घेतली का?"

वामनराव रोज म्हणायचे, "घेतो." आणि रक्तदाबाची गोळी घ्यायचे. मग दिवस सुरू व्हायचा.

आता त्या जंगलाची एक रीत सांगतो. ती नीट ऐका, कारण पुढचं सगळं तिच्यामुळेच झालं.

जंगलाचा एक ग्रुप होता. त्याचं नाव 'आपलं जंगल, आपली माणसं'. त्यात माणूस एकही नव्हता, पण नाव आधीच ठरलेलं होतं. सकाळी नऊच्या आत प्रत्येकाने ग्रुपवर सुप्रभात टाकायचं. सोबत एक फूल. फूल झाडावरचं नाही, फोनमधलं.

एक दिवस सुप्रभात चुकलं तर चालायचं. दुसऱ्या दिवशीही चुकलं तर कोणीतरी विचारायचं, "तब्येत बरी आहे ना?" तिसऱ्या दिवशी नऊ वाजून एक मिनिटाने ग्रुपवर 'भावपूर्ण श्रद्धांजली' पडायची. पूर्वी बिळात वाकून बघायची पद्धत होती. पण त्यात कंबर दुखते, असं सर्वांचं मत पडलं.

श्रद्धांजलीनंतर तेराव्या दिवशी मोकळं झालेलं बीळ यादीतल्या पुढच्या नावाला मिळायचं. यादीत पहिलं नाव धुंडिराज कोल्हे यांचं होतं. यादी करणारेही धुंडिराज कोल्हेच. ग्रुपचे ॲडमिनही तेच.

या नियमाने कासव दोनदा मेलं होतं. त्याला टाइप करायला वेळ लागायचा. पण त्याचं घर पाठीवरच असल्यामुळे निभावलं.

तर एक दिवस इंदूचा फोन आला. "बाबा, पंधरा दिवस तरी या. आई होती तेव्हा म्हणत होतात, दोघं येऊ."

दोघं हा शब्द ऐकून वामनरावांनी गवती चहाकडे एकदा पाहिलं. मग म्हणाले, "येतो."

परदेशी जायचं म्हणजे आधी नेटची सोय पाहिजे. ते वडाखालच्या वटवाघळाच्या मोबाइलच्या दुकानात गेले. दुकानदार उलटा लटकून गिऱ्हाईक करायचा, त्यामुळे फॉर्म उलटा धरावा लागे.

"परदेशाचा पॅक टाकून दिलाय, काका," वटवाघूळ म्हणालं. "तिकडे उतरलात की फोन एकदा बंद करायचा, परत चालू करायचा. की नेट धावलंच."

"बंद केल्याशिवाय नाही होत?"

"नाही. पण तुमचा फोन बघा, किती म्हातारा आहे. बंद करून उठवताना काय राहील आणि काय पुसलं जाईल, ह्याची हमी मी देत नाही. नवा घ्या ना!"

वामनरावांनी फोन उचलला आणि ते घरी आले.

विमानतळावर त्यांना अडवलं. सोबत धारदार वस्तू आहेत का, असं विचारलं. वामनराव म्हणाले, "वस्तू नाहीत, मीच आहे." तेव्हा दोन पाणमांजरांनी बसून त्यांच्या प्रत्येक काट्यावर एकेक बूच बसवलं. त्याला सव्वा तास लागला. मग विमानात फोन बंद करा असं सांगण्यात आलं, तेव्हा त्यांनी तो पोटाखाली घेतला आणि झोपेचं सोंग केलं.

समुद्रापलीकडचं जंगल थंड होतं, स्वच्छ होतं, आणि तिथे कोणी कोणाकडे बघत नव्हतं. इंदू न्यायला आली होती. तिने बुचांमुळे बापाला आयुष्यात पहिल्यांदा पोटभर मिठी मारली.

पण तिच्या घरी नेट नव्हतं; तारेशिवाय तिच्या फोनवर नुसतं बोलता यायचं. एका डोंगरी पोपटाने आदल्याच दिवशी तार कुरतडली होती. तक्रार नोंदवली होती. तिथे सगळं रीतसर चालतं, त्यामुळे दुरुस्तीला दहा दिवस लागणार होते.

"तुमचा पॅक आहे ना, बाबा? फोन बंद करून चालू केलात?"

"केला."

"तरी नाही आलं?"

"नाही बुवा."

मुलांनो, वामनराव खोटं बोलणारे नव्हते. म्हणून तर ते कोणाला कळलं नाही.

पहिला दिवस असाच गेला. दुसऱ्या दिवशी इंदूने स्वतःच्या फोनवरून शेजारच्या गोटू सशाला फोन लावला. गोटूने उचलला नाही. परदेशी नंबर उचलला की लुबाडतात, असा इशारा ग्रुपवर आलेला होता. तो इशारा खुद्द कोल्ह्यांनीच टाकला होता. आणि इंदू स्वतः ग्रुपवर नव्हती. सासरी गेलेल्या मुलींना लग्नाच्या फोटोंनंतर काढून टाकायची त्यांची पद्धत होती.

तिसरा दिवस शनिवार. इंदूला सुट्टी होती. दुपारी दीड वाजता ती पानं वाढत होती. वामनरावांचा फोन अजून जुन्याच जंगलाची वेळ दाखवत होता. तिथे सकाळचे सहा वाजले.

"अहो, गोळी घेतली का?"

इंदूच्या हातातली पळी खाली पडली.

"घेतो," वामनराव सवयीने म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आलं, आणि ते ताटाकडे बघत बसले.

पळी उचलत इंदू म्हणाली, "म्हणून बंद केला नाहीत होय."

"वटवाघूळ म्हणालं, पुसलं जाईल."

"आणि मला सांगितलं का नाही?"

"तू म्हणाली असतीस, करा बंद."

इंदूने घड्याळाकडे पाहिलं. तिकडे नऊ वाजायला तीन तास होते. "आत्ता बंद-चालू केला तर तुमचं सुप्रभात वेळेत पोचेल. घर वाचेल. आईचा गवती चहा वाचेल."

"आणि आवाज गेला तर?"

तिने तो जुना फोन उघडून आवाज शोधायला बोट पुढे केलं. वामनरावांनी फोन पोटाखाली घेतला. "कशालाही हात लावायचा नाही."

"बरं. मग उद्या दीड वाजता परत वाजेल ना? तेव्हा मी माझ्या फोनवर उतरवून घेते. मग खुशाल बंद करा."

"उद्यापर्यंत मी मेलेला असेन, इंदू. नियम आहे."

"एक दिवस मेलात तर काय होतंय, बाबा? जेवा."

वामनरावांनी विचार केला. मग त्यांनी वरण वाढून घेतलं. त्या दिवशी साडेचार वाजता, चहा पिता पिता, त्यांचं निधन झालं.

दुसऱ्या दिवशी दोघं एक वाजल्यापासून फोनसमोर बसली. वाट बघायची म्हणून इंदू आईबद्दल काहीतरी बोलली. मग वामनराव बोलले. सुमतीबाई अननसाला भीत असत, हे इंदूला माहीत नव्हतं. त्यांना तो भाजून ठेवलेलं साळिंदर वाटे. दोघं हसली. वर्षभरात त्यांच्यात इतकं बोलणं झालं नव्हतं. रोज फोन व्हायचा, पण त्यात ऐकू येतंय का, येतंय का, हेच जास्त असायचं.

दीड वाजता आवाज आला. इंदूने उतरवून घेतला. तीनदा ऐकून खात्री केली. मग वामनरावांनी डोळे मिटून फोन बंद केला आणि चालू केला.

गजर जागच्या जागी होता. वटवाघळाला काही कळत नव्हतं.

आणि नेट धावलं. सुप्रभातं सोडून एकशे बारा मेसेज आले. एकशे नऊ श्रद्धांजल्या, दोन हात जोडलेले, आणि गोटूचा एक केकचा फोटो. त्याचं बोट चुकलं होतं.

वामनरावांनी सगळे वाचले. ज्या गव्याने त्यांना आयुष्यात वाट दिली नव्हती, त्याने लिहिलं होतं, 'माझा मार्गदर्शक गेला.'

त्यांनी टाइप केलं, 'मी जिवंत आहे.'

लगेच कोल्ह्यांचा मेसेज आला. 'सर्वांनी सावध राहा. वामनरावांचा नंबर परदेशातून कोणीतरी चोरला आहे. कशावरही बोट लावू नका.'

'अरे, मी वामनच आहे,' त्यांनी लिहिलं.

'बघा, अगदी त्यांच्यासारखं लिहितोय. किती तयारीचा चोर आहे,' गोटूने लिहिलं.

पुढच्या मिनिटाला त्यांना ग्रुपमधून काढण्यात आलं.

"आता?" इंदूने विचारलं. "उद्याच निघता का?"

वामनरावांनी परतीचं तिकीट पाहिलं. ते नेमकं तेराव्या दिवशी सकाळी पोचवत होतं.

"तोपर्यंत मला कोणी काही मागणार नाही," ते म्हणाले. "वर्गणी नाही, वाढदिवस नाही, फुलं नाहीत. चल, तो पोपट दाखव मला."

मग दहा दिवस त्यांनी ते परदेशी जंगल पाहिलं. फोटो एकही काढला नाही, कारण दाखवणार कोणाला? रोज गजर झाला की गोळी मात्र घेत होते.

तेराव्या दिवशी ते घरी आले, तेव्हा त्यांच्याच बिळासमोर शोकसभा चालू होती. कोल्ह्यांचा ट्रंक-बिछाना गवती चहाला टेकवून ठेवला होता. दोन पाती मोडली होती.

वामनराव मागे जाऊन बसले. कोणी वर पाहिलं नाही, कारण सगळे शोकसभेचे फोटो ग्रुपवर टाकत होते.

"उशीर झाला वाटतं," शेजारी बसलेला गोटू फोनमधून मान न काढता म्हणाला. "बसा, बसा. कोण गेलं माहीत आहे ना? वामनकाका."

"कशाने?"

"नेट गेलं होतं त्यांचं."

समोर कोल्हे बोलत होते. "वामनराव वरून काटेरी, पण आतून फणसासारखे गोड!" वामनरावांनी एक बूच काढून खिशात टाकलं. "त्यांची उणीव भरून निघणार नाही!" दुसरं बूच. भाषण बरंच लांबलं, त्यामुळे सगळी बुचं निघाली.

तेव्हा गोटूने फोटोसाठी फोन फिरवला, आणि पडद्यात त्याला शेजारी कोण बसलंय ते दिसलं. तो किंचाळला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. कोल्ह्यांनी चष्मा सारखा केला. "अहो वामनराव," ते मृदू आवाजात म्हणाले, "तुम्ही आलात, आनंद आहे. पण एकशे नऊ जणांनी श्रद्धांजली वाहिली आहे. ती आता मागे कशी घेणार? ग्रुपवर जे आहे ते आहे. तुम्ही नाही आहात."

"मी नाही?"

"नियमाने, नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. नियम सगळ्यांनी मिळूनच केला होता.

वामनराव उठले. बिळाच्या दारात गेले आणि तिथे पाठ करून बसले. दार अख्खं भरलं.

"मग या, धुंडिराज," ते म्हणाले. "बीळ तुमचं. दारात कोणीच नाही. मीच नाही, तर माझे काटे कुठले? या बिनधास्त आत."

कोल्ह्यांनी सभेकडे पाहिलं. सभा कोल्ह्यांकडे पाहत होती. फोन सगळ्यांचे उंचावलेले होते, व्हिडिओ चालू होता. मागे फिरावं तर नियम खोटा पडतो.

कोल्हे आत शिरायला निघाले.

मुलांनो, जो आवाज पुढे जंगलात घुमला, तो कुठल्याही नेटशिवाय सात डोंगरांपलीकडे ऐकू गेला.

कोल्ह्यांच्या नाकातले काटे काढायला चार दिवस लागले. त्या काळात त्यांना फोन बघता येत नव्हता. तिसऱ्या दिवशी नऊ वाजून एक मिनिटाने त्यांना भावपूर्ण श्रद्धांजली वाहण्यात आली.

वामनरावांना सन्मानाने ग्रुपमध्ये परत घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला गजर झाला. "अहो, गोळी घेतली का?"

"घेतो," ते म्हणाले. गोळी घेतली. गवती चहाला पाणी घातलं. मोडलेल्या पात्यांचा चहा केला, आणि इंदूला फोन लावला. ऐकू येतंय का, असं एकदाही विचारलं नाही. सुप्रभात टाकायचं राहून गेलं.

त्याच्या पुढच्या दिवशीही राहिलं.

तिसऱ्या दिवशी नऊ वाजून एक मिनिटाने ग्रुपवर पुन्हा त्यांची श्रद्धांजली पडली. वामनरावांनी ती नीट वाचली, आणि तिला अंगठा दिला.

बीळ मागायला मात्र कोणी आलं नाही.

तात्पर्य: परदेशी जाताना मोबाइलचा पॅक न विसरता चालू करावा. नाहीतर आपण मेलो असं साऱ्या गावाला वाटतं, आणि आपल्याला नेमकं उलट वाटू लागतं.