दाराखालच्या पट्टीचा ठराव

नागापूरच्या एका शाळेच्या दहा गाड्यांपैकी एक नंबरची व्हॅन वळणावर उसाच्या ट्रॉलीला घासली आणि तिच्या डाव्या दाराखालची पट्टी हातभर फाटली. आत मुलं नव्हती, चालक सुखरूप होता, ऊसही सांडला नाही. तेव्हा या घटनेला अपघात न म्हणता 'संस्थेच्या मालमत्तेत झालेला बदल' म्हणावं, असा शेरा सचिव सुमंत सरांनी मारला. बदलाचा सांगोपांग विचार करण्यासाठी लगेच तीन जणांची समितीही नेमण्यात आली.

गाडी गोरक्षच्या गॅरेजात आली. गोरक्ष हा एमआयडीसीतला नावाजलेला डेंटर, ठोकलेल्या गाड्यांचा पत्रा सरळ करणारा. पत्र्यावरून बोट फिरवून गाडी आधी किती वेळा ठोकलीय ते सांगायचा. या गाडीवर त्याचा हात जरा जास्तच सावकाश फिरला. त्याची तिसरीतली ज्ञानेश्वरी रोज याच गाडीत, याच डाव्या दाराशी बसायची. खिडकीसाठी भांडून तिनं ती जागा मिळवली होती.

समितीनं गोरक्षला 'तज्ज्ञ निमंत्रित' म्हणून बोलावलं. फाटकी पट्टी टेबलावर ठेवून तो म्हणाला, "कंपनीनं जिथं स्पॉट मारलाय, तिथं स्पॉटच मारायचा. दोन पत्रे चिमट्यात धरायचे, करंट सोडायचा, ठिपका पडतो, झालं. चिमटा पोचत न्हाई तिथं भोक पाडून सीओटू वेल्डिंगनं भरायचं. गॅस न्हाई, पत्रा तापून मऊ पडतो. आर्क तर न्हाईच न्हाई, एवढ्या पातळ पत्र्याची चाळण व्हती. बाजूनं धडक बसली तर पोरांच्या आधी ह्या पट्टीनं मार खायचा असतो."

समितीनं शांतपणे ऐकून घेतलं. ज्यांचं आधीच ठरलेलं असतं ते लोक नेहमी शांतपणे ऐकतात.

"आमच्या वडलांची ट्रॉली गॅसनंच जोडलेली हुती," अध्यक्ष बिभीषणराव म्हणाले. "आजून चालती. गॅसच लावा."

"ट्रॉलीत ऊस असतोय, आण्णा."

"मग? ऊस काय हलका असतो व्हय?"

मुख्याध्यापिका पुष्पावतीबाईंचा कल आर्ककडे होता. शाळेचं फाटक आर्कनं जोडलेलं होतं. "अकरा वर्षं झाली, पोरं रोज त्याला लोंबकळतात. जागचं हललेलं नाही."

"बाई, फाटक रस्त्यानं पळत न्हाई."

"मजबुती ती मजबुती, गोरक्षभाऊ."

सुमंत सरांनी चष्मा पुसला. "स्पॉटच्या बाजूनं एखादं परिपत्रक आहे का?"

"गाडीच्या कंपनीचं पुस्तक हाय."

"कंपनी हितसंबंधी पक्ष झाली. तिचं मत ग्राह्य धरता येत नाही."

मग हात वर करून मतदान झालं. गॅसला अध्यक्षांचं एक मत, आर्कला बाईंचं एक. निमंत्रिताला मताचा अधिकार नव्हता, म्हणून निव्वळ समतोल राहावा यासाठी सुमंत सरांनी स्पॉटला एक मत दिलं. तिढा पडला. पण बारशाच्या आमंत्रणापासून इमारतीच्या रंगापर्यंत कुणाचंही मन न दुखावता सगळं पार पाडणारी संस्था होती ती. पाच मिनिटांत तोडगा निघाला. पट्टीचा पुढचा तिसरा हिस्सा गॅसनं, मधला आर्कनं आणि मागचा स्पॉटनं जोडावा, असा ठराव एकमतानं मंजूर झाला. या पद्धतीला 'सर्वसमावेशक जोड' हे नाव देण्यात आलं आणि चहा सांगितला गेला.

"सर," गोरक्ष काकुळतीला आला, "त्या मधल्या भागापाशी माझी पोरगी बसती हो."

"आपली भावना इतिवृत्तात नोंदवली आहे," सुमंत सर म्हणाले. त्यांनी खरोखरच नोंदवली होती.

गोरक्ष गॅरेजात परतला, तो दातओठ खात. शटर अर्ध्यावर ओढून त्यानं काम केलं ते आपल्या मनासारखं. जुने ठिपके मोजले, तितकेच नवे मारले, अडचणीच्या जागी सीओटूनं भोकं भरली. नवी पट्टी अशी बसली की कंपनीच्या माणसानंही मान डोलावली असती. मग त्यानं पत्र्याचे खड्डे बुजवायची लांबी जराशी कालवली. पुढच्या भागावर तिची बारीक लाट ओढून वर काजळी फासली, मधल्या भागावर ओबडधोबड गाठी काढल्या. गॅसही झाला, आर्कही झाला. फटाका लपवलेल्या पोरासारखा तो एकटाच हसला.

समिती बॅटरी घेऊन पाहणीला आली. बिभीषणरावांनी काजळीवर टिचकी मारली. "बघा, गॅसचा जोड कसा लोण्यावानी बसलाय!" पुष्पावतीबाईंना मधल्या गाठी खणखणीत वाटल्या. सुमंत सरांनी मागच्या ठिपक्यांकडे पाहून, हा भाग तेवढा किरकोळ दिसतो, अशी खंत व्यक्त केली. गोरक्ष खाली मान घालून "व्हय व्हय" म्हणत राहिला. हसू आवरताना त्याच्या पोटात दुखायला लागलं.

पंधरा दिवसांनी पालक मेळाव्यात पिवळीधमक व्हॅन हार घालून उभी होती. गोरक्षला शाल-श्रीफळ मिळालं. मग बिभीषणरावांनी माईक हातात घेतला.

"सर्वसमावेशक जोड यशस्वी झालाय! आपल्या बाकीच्या नऊ गाड्यांच्या पट्ट्या गंजल्यात. त्या समद्या ह्याच पद्धतीनं जोडायच्या. एकाच गॅरेजवर मेहेरबानी नको, म्हणून गॅसचं काम ट्रॉलीवाल्याला, आर्कचं फाटकवाल्याला दिलंय."

टाळ्यांचा कडकडाट झाला. गोरक्षचं हसू जागच्या जागी मेलं. तो शाल सावरत उभा राहिला. "सर, एक विचारायचं हुतं. समजा, एखाद्या गाडीत ठराव पाळलाच गेला नसंल, तर?"

सुमंत सरांना प्रश्न आवडला. "तर ती पट्टी कापून ठरावानुसार पुन्हा जोडावी लागेल. का? तशी काही गाडी आहे?"

सगळं मैदान गोरक्षकडे बघू लागलं. पहिल्या रांगेत ज्ञानेश्वरी बापाची शाल बघून खूश होऊन हात हलवत होती. तिच्या मागे बाकीच्या नऊ गाड्यांची पोरं बसली होती, ओळीनं, खाऊची वाट बघत. खरं बोलावं तर पोरीची पट्टी कापली जाणार.

"न्हाई सर," तो म्हणाला. "सहज विचारलं." आणि खाली बसून तोही टाळ्या वाजवू लागला.

आता गोरक्षला नावं ठेवायला कुणाचीच हरकत नाही. माणूस स्वार्थी निघाला, भित्रा निघाला, म्हणा की. फक्त त्याआधी एक करा. उद्या सकाळी दारात हॉर्न वाजला की खाली वाकून गाडीचा नंबर बघा. एक असेल तर पोराला टाटा करून निवांत घरात या, आणि दुसरा कुठला असेल तर मेळाव्यात तुम्हीही हजर होतात, टाळ्या तुम्हीही वाजवल्यात, हे आठवा.