अण्णांचा हार्पर

आमच्या शेजारचे तुकोजीअण्णा रोज सकाळी चहाआधी भिंतीवरच्या एका पदकाला सलाम ठोकत. मग म्हणत, "हार्पर, चहा थंड होतोय."

लग्न होऊन मी बेळगावहून बंगळूरच्या राजाजीनगरात आले, तेव्हा हा हार्पर त्यांचा भाडेकरू असावा असं मला वाटलं. निघाला राणी व्हिक्टोरियाच्या फौजेतला शिपाई! चांदीच्या त्या पदकाच्या कडेवर त्याचं नाव कोरलं होतं. सोनाराच्या मुशीत वितळायला निघालेलं पदक अण्णांनी हट्टानं सोडवून आणलं होतं.

अण्णा लष्करी कचेरीतले निवृत्त कारकून. विलायतेला पत्रांवर पत्रं धाडून त्यांनी हार्परची सगळी नोकरी खणून काढली. उंची पाच फूट चार इंच. आधी पाव भाजायचा. दारूपायी दोनदा कोठडी, सरकारी बूट हरवले म्हणून एकदा. अफगाण लढाईतून धडधाकट परतला आणि इथं छावणीत पटकीनं गेला.

माझे यजमान उशिरा आले की कुंपणापलीकडून आवाज यायचा, "यापेक्षा हार्पर बरा!" अण्णांची बायको, अक्का, वैतागायची. "त्या गोऱ्याची उंची यांना पाठ. माझी जन्मतिथी विचारा!"

आम्ही हसायचो.

मग चीनची लढाई लागली. माझा भाऊ वसंता सरहद्दीवर होता. सहा आठवडे पत्र नाही. मला घास गिळवेना. अण्णा आले.

"वसंताचा नंबर काय?"

"नंबर?"

"फौजेत माणूस नंबरानं सापडतो गं. स्वल्प धीर धर."

जुन्या पत्रावरून मी नंबर उतरवून दिला. दुसऱ्या दिवसापासून अण्णा छावणीतल्या कचेऱ्यांपुढं उभे. एका साहेबानं हाकललं. अण्णा दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. जवळजवळ तीन आठवडे हे चाललं. एका दुपारी ते एकाच पायात चप्पल घालून धावत आले.

"आहे! आसामात, इस्पितळात आहे! पायाची दोन बोटं गेलीत, पण माणूस आहे!"

पुढच्याच आठवड्यात वसंताचं पत्र आलं. मी पेढे घेऊन गेले, अण्णांच्या पाया पडले. त्यांनी पेढा घेतलाच नाही.

"पत्र स्वल्प वाचून दाखवतेस?"

पत्रात होतं काय? थंडी फार, डाळ पांचट, स्वेटर पाठव. मी वाचत असताना अण्णा डोळे मिटून ऐकत होते. अक्का पदरानं डोळे टिपत हळूच म्हणाली, "यांचा धाकटा भाऊ मागच्या महायुद्धात ब्रह्मदेशाला गेला. ना पत्र, ना निरोप. यांनाही तेव्हा नंबर विचारून ठेवायचं सुचलं नव्हतं."

मी पत्राची घडी घालू लागले.

"परत वाच," अण्णा म्हणाले. "ते स्वेटरचं वाच."

मी वाचलं. ते सांगतील तितक्या वेळा वाचलं. त्यांच्यासाठी मला तेवढंच करता आलं.