बंदोबस्तरावांचा तिसरा कॅमेरा

घराला कॅमेरा बसवायचा, असं हेडक्लार्कांनी ज्या दिवशी ठरवलं, त्या दिवसापासून शेजारीपाजारी त्यांना बंदोबस्तराव म्हणू लागले. घरात चोरण्यासारखं काही नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

पहिला कॅमेरा म्हणजे नुसतं खोकं. आत काही नाही, बाहेर लुकलुकणारा लाल दिवा. चोर घाबरले की नाही ठाऊक नाही, पण पाहुणे त्याच्यासमोर केस विंचरून मगच बेल वाजवायचे. दुसऱ्यात खरंच चित्र उमटायचं. त्यासाठी घरभर वायरी, टीव्हीखाली घरघरणारं यंत्र, आणि पडद्यावर सगळी माणसं सारखीच धुरकट. त्यात बंदोबस्तरावांनी एकदा सासऱ्यांनाच संशयित ठरवलं. (सासरे अजून सरळ बोलत नाहीत.)

तिसरा मात्र अफलातून! वायर नाही, मान वळवतो, माणसं ओळखतो, मोबाईलवरून त्याच्यातून बोलताही येतं. बंदोबस्तरावांनी घरातल्या सगळ्यांना त्याच्यासमोर उभं करून चेहऱ्यांची ओळख करून दिली आणि त्याला स्वयंपाकघरात बसवलं.

"हा शेवटचा," बायकोने बजावलं. "यानं काही करून दाखवलं नाही, तर तिन्ही भंगारात."

दुसऱ्याच दिवशी वाटेत बंद पडलेला मोबाईल त्यांनी ऑफिसात चार्जिंगला लावला, आणि पडद्यावर झळकलं, 'स्वयंपाकघरात अनोळखी व्यक्ती.'

"सापडला!" बंदोबस्तराव असे ओरडले, की साहेब केबिनमधून धावत आले. सगळं ऑफिस मोबाईलवर वाकलं. एक पाठमोरा टकल्या बिस्किटांचा डबा उपसत होता.

"बनियनवर आलाय! काय हिंमत!" बंदोबस्तराव आनंदाने थरथरत होते. "अरे, टॉवेलसुद्धा माझाच गुंडाळलाय!"

त्यांनी बोलायचं बटण दाबलं. "हात वर कर! घेरलंय तुला!"

"अहो, हात साबणाचे आहेत," घरून बायकोचा आवाज आला.

"तू? अगं पळ! चोर तुझ्या शेजारीच आहे!"

"माझ्या शेजारी खरकटी भांडी आहेत."

"टकल्या आहे! बिस्किटं खातोय!"

पलीकडचा नळ बंद झाला. "बिस्किटं? चित्र कधीचं आहे ते बघा बरं."

चित्र सकाळचं होतं. बायको आंघोळीला गेली होती तेव्हाचं.

साहेबांनी घसा खाकरला. "हेडक्लार्क, हे टक्कल मी रोज बघतो. तुम्ही खालच्या कप्प्यातली फाईल काढायला वाकता ना, तेव्हा."

बंदोबस्तरावांचा हात हळूच डोक्यामागे गेला. आरशात तर पुढचे केस कसे शाबूत दिसायचे! शिवाय डॉक्टरांनी गोड बंद केल्यापासून आपण बिस्किटाला हात लावलेला नाही, हे त्यांनी बायकोला अगदी शपथेवर सांगितलं होतं.

"अहो," मोबाईलमधून बायको म्हणाली, आणि तिचा आवाज खुशीत होता, "कॅमेरा राहू द्या. फार गुणी आहे."

संध्याकाळी ते मुकाट्याने घरी आले आणि पाणी प्यायला स्वयंपाकघरात शिरले. माठाकडे वळून कॅमेऱ्याला पाठ दाखवली मात्र, घरातले सगळे मोबाईल एकदम वाजले, 'ओळखीची व्यक्ती: बिस्किटचोर.'