शिडी मालकाने धरायची

सुखदेवभाऊंकडून दुकानाचा बोर्ड लावून घ्यायचा, तर शिडी स्वतः धरावी लागते. ही अट ते ऑर्डर घेतानाच सांगतात. नोकर चालत नाही, मेहुणा चालत नाही. खामगावातले एक भारदस्त दंतवैद्य पांढऱ्या शर्टात भर बाजारात दीड तास शिडी धरून उभे होते आणि त्यांचे पेशंट गाल धरून. "नाव तुमचं वर चढून राह्यलं, तं खाली हात कोनाचा पाह्यजे?" असं भाऊ विचारतात. याला उत्तर सुचेपर्यंत माणूस शिडीजवळ पोचलेला असतो.

भाऊ साठीचे, किडकिडीत, खिशात पेनाच्या जागी खडू. गावातले निम्मे बोर्ड त्यांनी लावलेत आणि उरलेले निम्मे त्यांना बघवत नाहीत.

वर चढले की सल्ले सुरू. ऐकणाऱ्याला बोर्डाचा धंदा करायचाय की नाही, हे ते विचारत नाहीत. जुन्या विटेच्या भिंतीला भोक पाडण्याआधी ती बोटांनी वाजवून पाहावी. वायर भिंतीत शिरते तिथे खाली झोल द्यावा, म्हणजे पाणी आत न जाता गळून जातं. मालकाचा फोटो टाकू नये. फोटो तरणाच राहतो, मग गिऱ्हाईक मालकालाच विचारतं, की तुमचा मुलगा कुठे आहे?

आणि रस्त्यावर पुढे आलेल्या बोर्डाची उंची कापसाच्या गाडीवरून ठरवावी. एका बांगडीवाल्याने हे ऐकलं नाही. हंगामात कापूस भरून फुगलेली गाडी गेली आणि बोर्ड तिच्या जाळीत अडकून थेट जिनिंग मिलवर पोचला. तिथल्या हमालांना तो बोर्ड दिवसभर 'बांगड्या भरून मिळतील' असं सांगत होता.

हल्ली गावात ड्रिल मशीनवाले आलेत. दहा मिनिटांत बोर्ड लावून मोकळे. दुकानदार तिकडे वळले आणि भाऊंचं काम महिन्याला एखाद्या बोर्डावर आलं. मीच एकदा शहाणपणा केला, की ती शिडीची अट तेवढी सोडा. "मंग धंदा काऊन करू?" ते म्हणाले. मला तो निव्वळ हेका वाटला.

गेल्या महिन्यात ते माझ्या स्टेशनरीच्या दुकानाचा बोर्ड लावायला आले. चार स्क्रूंचं काम. तास झाला, माझे हात भरून आले. मान वर करून पाहिलं, तर चौथा स्क्रू केव्हाच घट्ट बसलेला आणि भाऊ बोलत बोलत पेचकस नुसताच हवेत फिरवत होते. खाली त्यांच्या पिशवीत ड्रिल मशीन तसंच पडलेलं.

"भाऊ, झालं ना हो?" मी विचारलं.

ते थांबले. खाली न बघताच म्हणाले, "झालं तं मघाच. पह्यले आमची घरवाली शिडी धरे. बावीस वर्सं. ती खालून बोले, मी वरतून. घरी आमचं तेवढं बोलनं झालंच नाही कधी. तिले जाऊन आता तीन वर्सं झाले. घरात कोनी नाही. इथं शिडी धरलेला मानूस सोडून तं जात नाही."

इतके दिवस मी या माणसाचे किस्से सांगून चार लोकांना हसवलं होतं. मला स्वतःची लाज वाटली. पण तसं बोलून दाखवण्याइतकी आमची ओळख नव्हती. मी बोर्डाकडे पाहिलं. बोर्ड अगदी सरळ होता. पाणसळ मीच वर दिली होती आणि तिचा बुडबुडा मधोमध थांबलेला मीही पाहिला होता.

"डावीकडून जरा उतरता वाटतो," मी म्हणालो.

भाऊंनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं. मग डावीकडचा स्क्रू ढिला करायला घेतला.

"मालक," ते म्हणाले, "तुमचं मूळ गाव कोनतं?"