बायकोसाठी दोन दाबा

घरातल्या फोनचं आपल्यापेक्षा जास्त कुणाला कळत असेल, हे चष्मेवाल्यांना मान्यच नव्हतं! इंटरनेटवर चालणारा नवा फोन त्यांनी मोठ्या हौसेने घेतला. तो बसवायला आलेला फोनवाला सोयी समजावून सांगायला लागला, तर त्याला अर्ध्यातच थांबवून त्यांनी दाराबाहेर काढलं. "चष्म्याचे डोळ्याला दिसत नाहीत असले स्क्रू फिरवतो मी दिवसभर! मला काय शिकवता?"

मग रोज दुकानातून आले की चहाच्या आधी फोन. एके दिवशी नको असलेल्या नंबरांची यादी केली. दुसऱ्या दिवशी निरोप परस्पर आपल्या मोबाइलवर येतील अशी सोय केली. तिसऱ्या दिवशी मोबाइलवर अख्ख्या कुटुंबाला एकदम फोन लावणारं बटण! आणि या सगळ्यावर वरताण म्हणजे फोन करणाऱ्याला त्यांच्याच भरदार आवाजात ऐकू यायचं, "नमस्कार! घरमालकांसाठी एक दाबा, बायकोसाठी दोन दाबा!"

घरी कुणाकुणाचे फोन होतात, तेही आता त्यांना दुकानात बसून मोबाइलवर दिसायचं. आणि तिथेच घात झाला. रोज सकाळी अकराला, म्हणजे ते दुकानात जाऊन कामाला लागले की, घरून एकाच अनोळखी नंबरला फोन. कधी अडतीस मिनिटं, कधी एकेचाळीस! एकेचाळीस मिनिटं सलग बायको आपल्याशी शेवटची कधी बोलली, ते चष्मेवाल्यांना काही केल्या आठवेना.

दुपारी घरी जेवताना त्यांनी बायकोला सहज विचारल्यासारखं विचारलं, "आज कुणाचा फोन वगैरे?"

"छे हो, कुणाचा येणार?" म्हणत ती चक्क गुणगुणत आत गेली. गुणगुणत! चष्मेवाल्यांनी ताट बाजूला सारलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात एका गिऱ्हाइकाची हनुवटी डोळे तपासायच्या यंत्रावर टेकवलेली असतानाच घरच्या फोनवर ठेवलेला निरोप मोबाइलवर येऊन पडला. चष्मेवाल्यांनी तो कानाला लावला. पुरुषाचा आवाज!

"वहिनी, काल हसून हसून पोट दुखलं हो! ते दुकानात गेले की करा फोन. वाट बघतोय."

"वहिनी म्हणतो, लबाड!" चष्मेवाले ओरडले. गिऱ्हाइकाने दचकून मान काढून घेतली.

अकरा वाजले. घरचा फोन सुरू झाल्याचं मोबाइलवर दिसलं. चालू बोलण्यात मोबाइलवरून गुपचूप शिरायची सोय होतीच! त्यांनी बटण दाबलं आणि श्वास रोखून ऐकू लागले.

बायको हसत होती. खळखळून! हे असलं हसू हिच्याकडे होतं तर आपल्या वाट्याला का नाही आलं? चष्मेवाल्यांना अगदी भरून आलं आणि गुपचूप ऐकायचं ते साफ विसरले.

"कोण रे तू? माझ्या बायकोला हसवणारा तू कोण?"

तिकडून आवाज आला, "जावईबापू?"

सासूबाई!

"भाऊजी, काय झालं?" हा मेहुणा. घाईघाईत चष्मेवाल्यांनी कुटुंबाचंही बटण दाबलं होतं!

"साहेब, मी फोनवाला," बायकोला हसवणारा तो माणूस चोरट्या आवाजात म्हणाला. "तुमच्याकडे फोन बसवला ना, तो."

"मग रोज चाळीस-चाळीस मिनिटं काय चालतं तुमचं?"

"संध्याकाळी तुम्ही जे काही अडथळे लावून ठेवता, ते वहिनी सकाळी मला विचारून काढतात. नाहीतर कुणाचा फोनच लागत नाही घरी."

"अस्सं!" सासूबाई कडाडल्या. "म्हणजे 'ही व्यक्ती आपल्याशी बोलू इच्छित नाही' असं मला परवा ऐकवलं, ते तुम्ही?"

"ती नको असलेल्या नंबरांची यादी होती..." चष्मेवाल्यांच्या तोंडून निघून गेलं. ते आणखी वाईट झालं!

शेवटी ते रडवेल्या आवाजात बायकोला म्हणाले, "अगं, पण त्याच्याशी किती हसतेस! माझ्याशी बोलताना कधी हसलीस का अशी?"

"अहो, तुमच्याबद्दलच तर बोलत असते!" बायको म्हणाली. "दुसरं आहे काय आपल्या घरात हसण्यासारखं?"

चष्मेवाल्यांच्या छातीवरचा दगड उतरला. रोज एकेचाळीस मिनिटं, तीही आपल्याबद्दल! त्यांना जरा बरंच वाटलं. समोर गिऱ्हाईक ताटकळत होतं, म्हणून त्यांनी फोन बंद करायला बटण दाबलं. बंद होईना. दुसरं दाबलं. काकू आणि मावशीही आल्या!

"हे बंद कसं करायचं हो?" त्यांनी फोनवाल्याला हळूच विचारलं.

"आता वहिनींनाच विचारा. त्यांना सगळं येतं."

"अगं, सांग ना!"

"थांबा हो, सगळे आलेच आहेत तर!" बायको म्हणाली. "आई, ऐक. परवा यांनी काय केलं, माहितीये?"